काकूची सुजेची गोळी

माझं वजन दहावीपासून हललेलं नाही. पंचावन्नच्या थोडं आत, कायम. आई म्हणते खाल्लेलं अंगाला लागत नाही. मी म्हणतो, लागून करायचं काय? मी जन्मलोच पंचावन्न किलोच्या गटासाठी.

आमच्याकडं, आदिलाबादच्या वर पैनगंगेच्या काठच्या गावांत, कबड्डीचे सामने वजनावर होतात. कापूस वेचून झाला, शेतं मोकळी झाली की गावोगावी मंडप पडतात. पंचेचाळीसचा गट, पंचावन्नचा, पासष्टचा. वय कोणी विचारत नाही. काट्यावर उभं राहायचं, वजन बसलं तर मनगटावर शिक्का मारून घ्यायचा आणि मैदानात उतरायचं. नदीपलीकडून महाराष्ट्रातल्या टीमा येतात, इकडून भैंसा-मुधोळच्या येतात, एका वर्षी तर बेल्लमपल्लीहून खाणकामगारांची पोरं आली होती आणि सगळ्यांना लोळवून गेली होती.

वजनासाठी काटा आणतात तो कापसाच्या व्यापाऱ्याचा. हंगामभर या काट्याला अख्खं गाव शिव्या घालतं, कारण तो कमी दाखवतो. घरून मोजून नेलेला कापूस तिथं गेला की हलका होतो. सामन्याच्या सकाळी मात्र त्याच काट्यावर चढायला पोरांची रांग लागते आणि प्रत्येक जण व्यापाऱ्याला दुवा देतो. कापूस विकताना चोर असलेला काटा त्या दिवशी सगळ्यांचा सोयरा होतो. मला त्याची गरज नव्हती. खऱ्या काट्यावरही माझं वजन बसायचं, याचा मला फार अभिमान होता. अभिमान बाळगावा असं माझ्याकडं दुसरं फारसं नव्हतंही.

मग धाकटा आला.

धाकटा म्हणजे काकूचा मुलगा, माझा चुलतभाऊ. घरात त्याला सगळे धाकटाच म्हणतात. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, आणि बारावीला जाईपर्यंत माझ्यापेक्षा वीतभर उंच झालेला. आमचं अंगण एकच. आजोबा दुसऱ्याच्या शेतात राबले, माझे वडील तहसिलात कारकून झाले, काका लवकर गेले आणि काकू गावच्या शाळेत पोरांचं दुपारचं जेवण शिजवायला लागली. मी आदिलाबादला एका मेडिकलच्या दुकानात काम करतो. रोज बसनं जायचं, औषधं काढून द्यायची, संध्याकाळी परत. धाकटा काही करत नव्हता. तो फक्त खेळत होता, आणि त्याबद्दल त्याला कोणी बोलत नव्हतं.

त्या उंचीवर तो पंचावन्नमध्ये बसूच शकत नव्हता. पण पासष्टच्या गटात आमच्या गावची टीम नव्हती, म्हणून त्याला पंचावन्नमध्ये बसवायचं ठरलं. आदल्या दिवशी त्यानं पाणी सोडलं, दुपारच्या उन्हात स्वेटर घालून शेताच्या बांधावरून पळाला, तरी दीड-दोन किलो जास्तच भरत होता. तेव्हा काकूची गोळी कामाला आली.

चुलीपुढं दिवसभर उभं राहून काकूचे पाय सुजतात. तिला सरकारी दवाखान्यातून एक पांढरी गोळी मिळते. गावात तिला सुजेची गोळी म्हणतात. ती घेतली की अंगातलं पाणी लघवीवाटे निघून जातं. धाकट्यानं त्यातली एक पहाटे गिळली, सकाळपर्यंत लघवीला खेपा मारल्या आणि काट्यावर चढला. वजन बसलं. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. शिक्का पडल्याबरोबर तो मीठ-साखरेचं पाणी प्यायला, केळी खाल्ली, दही-भाकरी खाल्ली आणि दुपारी मैदानात उतरला तेव्हा पंचावन्नच्या गटात कोणी साठ किलोचा रेडा सोडावा तसा दिसत होता.

सगळे हसले. मीही हसलो, कारण हसलो नसतो तर दिसलं असतं. मी वजनात होतो आणि तो वजनात येत होता, एवढा साधा फरक कोणाच्या लक्षात येत नव्हता. गोळीबद्दल कोणाच्या मनात वाईट आलं नाही. काकू हसून सांगायची, "माह्या पायाची गोळी अन् त्याच्या पायात ताकत!"

खरं औषध कशाला म्हणतात ते मला माहीत होतं, निदान तसं वाटत होतं. दुकानात व्यायामशाळेतली पोरं यायची. गिऱ्हाईक कमी झालं की काउंटरवर वाकून हळू आवाजात इंजेक्शनचं नाव सांगायची. आम्ही ठेवत नव्हतो, पण कुठं मिळतं ते त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असायचं. त्यांच्या पाठीवर पुटकुळ्या, मान खांद्यात रुतलेली. मी घरी येऊन सांगायचो, "आपल्या गावचं पोट्टं असल्या भानगडीत नाई." सुजेची गोळी त्याच दुकानात मी रोज म्हाताऱ्यांना देत होतो. अंगात ताकद भरतं ते औषध आणि पाणी काढून टाकतं ती गोळी, असं आमचं साधं गणित होतं. दुकानाच्या मालकाचंही तेच.

कबड्डीत आता एक नियम आहे. लागोपाठ दोन रेड, म्हणजे चढाया, रिकाम्या गेल्या की तिसऱ्या रेडला गुण आणावाच लागतो, नाहीतर रेडर बाद होतो. धाकटा येण्याआधी तिसरी रेड माझी असायची. मी जायचो तेव्हा मंडप गप्प व्हायचा, माइकवाला मराठीत तेलुगू घुसवायचा, "अन्ना आला, अन्ना!" म्हणून ओरडायचा. त्या अर्ध्या मिनिटासाठी मी वर्षभर बसचे धक्के खात होतो, असं म्हटलं तरी चालेल.

धाकट्याच्या पहिल्याच सामन्यात टीमनं ठरवलं: पहिल्या दोन रेड दादानं मारायच्या, तिसरी धाकट्याची. दादा म्हणजे मी. माझं काम काय, तर जायचं, दम धरायचा, समोरच्यांना हुलकावण्या देऊन दमवायचं आणि रिकाम्या हातानं परत यायचं. मग तो जायचा. एका झेपेत दोघांना शिवायचा, कधी तिघांना अंगावर घेऊन मधल्या रेषेवर हात टेकवायचा. मंडप उसळायचा. मी कोपऱ्यात उभा राहून टाळ्या वाजवायचो, आणि मनातल्या मनात तो घसरावा, पकडला जावा, त्याच्या पोटरीत गोळा यावा म्हणून वाट बघायचो. एकदा आलाही. पाणी काढलेल्या अंगात गोळे येतात. तो लंगडत गेला आणि लंगडत गुण घेऊन आला. मला वाटलं, आता हा लंगडा असला तरी माझ्याहून बरा.

गाव जिंकलं की वेशीवर फ्लेक्स लागतो. त्या फ्लेक्सवर मधोमध धाकटा, हात वर करून. त्याच्या कोपराच्या मागं अर्धा कान आणि थोडे केस दिसत होते. ते माझे. आईनं ते बरोबर ओळखलं आणि ओळखून गप्प बसली, त्याचा मला जास्त राग आला.

पुढं सगळं भराभर झालं. शाळेच्या पीटी सरांनी त्याला जिल्ह्याच्या निवडीला नेलं. तिथून तो राज्याच्या ज्युनियर टीममध्ये गेला; तिथंही वजनाची अट होतीच. सर अंगणात खाटेवर बसून काकूला म्हणाले, "राष्ट्रीय स्पर्धेत पदक आलं तर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी आहे. वर्दीची. निवड वर्षभरात होईल, वयही बसतंय." काकूनं पदर तोंडाला लावला. आमच्या घरातून आजवर वर्दी कोणाच्या अंगावर चढली नव्हती. मी आत जाऊन उगाच पाणी प्यालो.

राष्ट्रीय स्पर्धा लांबच्या राज्यात होती. तिथल्या वजनाच्या सकाळी त्याचा फोन आला. "दादा, इथचा काटा जास्त दाखवून राह्यला. गावाकडून तं मी बसवून निघालो होतो."

"कोनत्या काट्यावर बसवलं?"

"आपल्याच. कापसाच्या."

मी हसलो. "तिथचा काटा बरोबर हाये बे. आपलाच चोर हाये."

तो म्हणाला, "असू दे. आईची गोळी हाये पाकिटात." आणि फोन ठेवला. एखाद्यानं पाकिटात आईचा फोटो ठेवावा तशी त्यानं ती गोळी जपून ठेवली होती. वजन बसलं. तो खेळला. टीमला पदक मिळालं.

संध्याकाळी पुन्हा फोन, आनंदानं ओरडत. "दादा, माही लघवी घेतली त्यायनं! शिशीत भरून, सील करून! दिल्लीकडं तपासाले जानार म्हने. टीममधल्या सगळ्यायची नाई घेतली, निवडक लोकायचीच."

मी "वा" म्हणालो. आता सांगायला हसू येतं, पण त्या रात्री मी खाटेवर पडून याच गोष्टीनं जळत होतो. इतकी वर्षं मी खेळलो, घाम गाळला, गुडघे फोडून घेतले. माझी लघवी कोणी मागितली नव्हती.

गावात मिरवणूक निघाली. विहारासमोर त्याचा सत्कार झाला, काकूलाही शाल दिली. मी ट्रॅक्टरवर त्याच्या शेजारी उभा होतो, कारण त्यानं मला ओढून वर घेतलं होतं. "दादानं शिकवलं मले," असं तो माइकवर म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या त्याच्या मोठेपणाला होत्या हे न कळण्याइतका मी खुळा नाही.

काही आठवड्यांनी सरांच्या मोबाइलवर दिल्लीहून तपासणीचा मेल आला. सरांनी मला दुकानात फोन करून त्यातलं औषधाचं नाव वाचून दाखवलं आणि विचारलं, "हे कसलं इंजेक्शन असतं रे?"

मी मागं वळून फळीकडं बघितलं. ते नाव माझ्या डोळ्यांसमोर होतं, पांढऱ्या-निळ्या पट्टीवर. "सर," मी म्हणालो, "ही काकूची सुजेची गोळी आहे."

ती बंदी असलेल्या औषधांत येते, हे त्या दिवशी आम्हाला कळलं. तिच्यानं वजन उतरतं म्हणून, आणि दुसरं काही घेतलं असेल तर ते लघवीतून धुऊन निघतं म्हणूनही. दुसरं काही धाकट्यानं कधीच घेतलं नव्हतं. पण कागदावर त्याच्यात आणि काउंटरवर वाकणाऱ्या त्या पुटकुळ्यावाल्यांत काही फरक उरला नव्हता.

पहिल्यांदा मला काय वाटलं ते सांगतो. बरं वाटलं. परतीच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली होती, बाहेर वेचून झालेली कापसाची पऱ्हाटी उभी होती, आणि मला इतकं हलकं वाटत होतं की कंडक्टरनंसुद्धा विचारलं, काय भाऊ, आज खुशीत? वेशीवर तो फ्लेक्स अजून होता. मी त्याच्याकडं पहिल्यांदाच न जळता बघितलं.

घरी काकू अंगणात बसली होती. तिला सारखं एकच वाटत होतं, आपल्याच गोळीनं आपल्या पोराचं वाटोळं केलं. धाकटा आत भिंतीकडं तोंड करून पडला होता. दोन वर्षांची बंदी येईल असं सर म्हणाले होते. दोन वर्षांत वय निघून जाणार, नोकरीची निवड निघून जाणार. पण सरांनी एक वाटही सांगितली होती. खेळाडूला न कळता, दुसऱ्याच्या चुकीनं औषध पोटात गेलं असं पेशीत, म्हणजे सुनावणीत, सिद्ध झालं तर बंदी काही महिन्यांवर येऊ शकते.

दुसऱ्या दिवशी काकू माझ्याजवळ येऊन बसली. माझे पाय दाबायला लागली तेव्हाच मला कळलं की काहीतरी मागणार.

"बाप्पा, तूच सांग का गोळी चुकून तूच देली म्हून. जायच्या दिवशी त्याचं डोकं दुखून राह्यलं होतं, तुह्या दुकानातून तू गोळी आनून देली, पट्टी दुसरीच आली. एवढंच म्हन."

"काकू, मले दुकानातून काढून टाकतीन."

"दुसरं दुकान भेटंल. त्याची वर्दी जाईन." आणि मग, अगदी मायेनं, "तुह्यं कुठं काय जाऊन राह्यलं, बापा?"

हे वाक्य ती वाईटपणानं बोलली नाही, म्हणूनच ते रुतलं. माझं कुठं काय जातंय! पहिल्या दोन रेड मारणाऱ्याचं काय जातं?

आईनं ते भिंतीपलीकडून ऐकलं होतं. ती भांडी आपटत म्हणाली, "तिचं पोट्टं सोनं अन् माहं काय माती हाये? काऊन बोलशीन तू खोटं?" वडील तहसिलातल्या माणसासारखे म्हणाले, "पेशीत खोटं बोललं का ते जन्मभर मागं लागतं." दोघांचंही बरोबर होतं, आणि दोघांच्याही आड लपायला मला आवडलं असतं. नाही म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, पोरगा खरं बोलला. मीच मला विचारत होतो: हे खरं बोलणं आहे, की इतक्या वर्षांनी धाकटा पकडला गेलाय आणि मला त्याला सोडवायचं नाही? हो म्हटलं असतं तरी माझ्या वाट्याला काय येणार होतं? त्याची वर्दी आणि माझा मूर्खपणा. गावानं म्हटलं असतं, त्याच्या भावानं चुकीची गोळी दिली म्हणून बिचाऱ्याचं पदक जात होतं. फ्लेक्सवर पुन्हा माझा अर्धा कान. मी काकूला हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. "पाहू," म्हणालो.

पेशी व्हिडिओवर होती, सरांच्या घरी आदिलाबादला. काकू बाहेर पायरीवर बसली, तिला आत बसवेना. आत लॅपटॉपसमोर धाकटा, त्याच्या उजव्या हाताला मी, मागं सर. धाकट्याला सरांनी पढवून ठेवलं होतं: तू म्हणायचं, डोकं दुखत होतं, दादानं गोळी दिली. मग दादा बोलेल. येताना बसमध्ये आम्ही दोघं एका बाकावर बसलो होतो; तो खिडकीबाहेर बघत होता. मी मात्र मनात हिंदीत दोन वाक्यं जुळवत होतो. एक होतं: गोली मैंने दी थी. दुसरं होतं: मुझे कुछ मालूम नहीं. घडीत एक जास्त चांगलं जुळायचं, घडीत दुसरं.

पडद्यावर तीन चेहरे आले. मधल्या चष्मेवाल्या बाईंनी त्याचं नाव, गाव, वय विचारलं. मग विचारलं, "ये गोली आपको कहाँ से मिली?"

धाकटा खाली बघत राहिला. सरांनी मागून माझ्या पाठीत बोट खुपसलं. मी म्हणालो, "मैडम, वो..." पडद्यावर कोणाला काही ऐकू गेलं नाही, आवाज बंद होता. सरांनी धडपडून बटण दाबलं. मी पुन्हा सुरुवात केली, "मैडम, मैं इसका भाई..."

"आपको बाद में सुनेंगे," बाई म्हणाल्या. "पहले खिलाड़ी बोलेगा."

दोन्ही वेळा मी रिकामाच परत आलो. तेवढ्यात धाकट्यानं पँटीला हात पुसले आणि टेबलाच्या कडेला हलकेच बोटं टेकवली. मैदानात रेडला निघताना मधल्या रेषेला लावतो, अगदी तशी. मी ते ओळखलं. त्याला थांबवायला हवं होतं, की जाऊ द्यायला, तेही कळेना.

"मैडम," तो म्हणाला, "गोली मेरी माँ की है. मैंने खुद खाई, वजन बिठाने के लिए. गाँव में पहले भी खाता था. मेरे भाई का इसमें कुछ नहीं है."

सरांनी कपाळावर हात मारला, तो पडद्यावर दिसलाही असेल. बाईंनी सगळं लिहून घेतलं आणि माझ्याकडं बघितलं. "आपको कुछ कहना है?"

दोन्ही वाक्यं तोंडात तयार होती. मी म्हणालो, "नहीं जी."

बाहेर काकू उठून उभी राहिली. तिनं आमच्या तोंडाकडं बघून ओळखलं. ती माझ्याकडं वळायच्या आत धाकटा मधे आला. "आई, दादा बोलनारच होता. दोन डाव तोंड उघडलं त्यानं. मीच बोलू नाई देलं. दादाची नोकरी गेली असती." काकूनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि ती रडली. मी तसाच उभा राहिलो.

दोन वर्षांची बंदी आली. पदक परत गेलं. निवड होऊन गेली. वर्दी दुसऱ्या कोणाच्या अंगावर चढली. गावच्या सामन्यात त्याला कोणी अडवलं नसतं, इथं कोण तपासायला येतंय, पण तो स्वतःच उतरला नाही. व्यापाऱ्याच्या काट्यापाशी उभा राहतो आणि पोरांना सांगतो, गोळी खायची नाही, पळा. काकूच्या गोळ्या आता पत्र्याच्या पेटीत कुलुपात असतात. तिचे पाय अजून सुजतात.

तिसरी रेड पुन्हा माझी झाली. मी निघतो तेव्हा मंडप गप्प होतो खरा, पण लोक माझ्याकडं बघत नाहीत, काट्याजवळ उभ्या असलेल्या त्याच्याकडं बघतात. परवा मी पकडला गेलो, तर तोच आधी धावत आला आणि त्यानं मला उठवलं.

गावात आता माझं नाव चांगलं आहे. भावासाठी नोकरीवर पाणी सोडायला तयार झाला होता, असं माझ्याबद्दल पारावर बोलतात. सोयरीक सांगत आलेल्या पाहुण्यांनासुद्धा वडिलांनी तेच सांगितलं. हे सगळं धाकट्यानं पसरवलं. विचारेल त्याला तो सांगतो, "दादा तयार होता."

मी तयार होतो की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. त्याला मात्र पक्की खात्री आहे. त्या खात्रीचाही मला हेवा वाटतो.